सिनेमा ७९१.४३ वर, मन १५० वर : मधली वाट कशी शोधायची

प्रश्न असा आलाय : 'मॅडम, मी कोल्हापुरात मानसशास्त्रात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी "मराठी चित्रपटातील मानसिक आजाराचे चित्रण" हा विषय घेतलाय. कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर एकही पुस्तक मिळालं नाही. नेटवर बघितलं तर नुसत्या "मानसिक आजारावरचे दहा सिनेमे" अशा याद्या. या विषयाला ग्रंथालयाचा खरंच काही उपयोग आहे का, की सिनेमे बघून थेट लिहायला घेऊ?'

उपयोग आहे, आणि थेट लिहायला घेऊ नकोस. एकतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. 'या विषयावर पुस्तक आहे का' हा प्रश्न दर जूनला टेबलापाशी यायचा. त्या नावाचं पुस्तक तयार असतं तर तुझ्या लघुप्रबंधाचं काम काय उरलं असतं? तुला पुस्तक नकोय, पुस्तकांचे तुकडे हवेत. आणि ते एका जागी नसतात.

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत पुस्तकं ड्यूईच्या दशांश पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावलेली असतात. त्यात मानसशास्त्र १५० वर. सिनेमा ७९१.४३ वर, म्हणजे सर्कस आणि नाटकाच्या शेजारी, खेळांपासून दोन पावलांवर. मानसिक आजार 'रोग' म्हणून बघितला की तो वैद्यकात जातो, ६१६.८९. तोच आजार समाजाचा प्रश्न म्हणून, म्हणजे मनोरुग्णालयं, पुनर्वसन, कुटुंबाची परवड, असा बघितला की ३६२.२. आणि सिनेमाचा माणसांवर काय परिणाम होतो, हे प्रसारमाध्यमांच्या खात्यात, ३०२.२३. तुझा एक विषय पाच रॅकांवर पसरलाय. तू बहुतेक १५० पाशी उभी राहिलीस आणि परत फिरलीस.

यात आम्हा लोकांचाही दोष असतो. सिनेमातल्या मनोविकारतज्ज्ञांवरचं एक इंग्रजी पुस्तक आमच्याकडं आलं, तेव्हा शीर्षकातला पहिला शब्द बघून मी ते ६१६.८९ वर टाकलं. नऊ वर्षांत मागच्या चिठ्ठीवर तारखेचे दोन शिक्के पडले. निवृत्त व्हायच्या वर्षी रॅक आवरताना चूक ध्यानात आली, आणि वर्गांक बदलून मी ते ७९१.४३ वर नेलं. तिथंही फारसं कुणी नेलं नाही, ती गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच, की वर्गांक एका माणसानं एका दुपारी ठरवलेला असतो. पाचही रॅकांपुढं स्वतः उभी राहा आणि पुस्तकं हातात घेऊन मागची सूची चाळ. सिनेमाच्या पुस्तकांच्या सूचीत 'वेड', 'स्वप्न', 'डॉक्टर' शोध. मानसशास्त्राच्या पुस्तकांच्या सूचीत 'चित्रपट' शोध. तासाभरात वीस-पंचवीस पानांचे आकडे वहीत येतील. तुझं वाचन तिथून सुरू होतं.

आता ओपॅकवरचा, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीतला शोध. इंग्रजी पुस्तकांच्या विषयशीर्षकांत सिनेमाला 'सिनेमा' म्हणत नाहीत, 'मोशन पिक्चर्स' म्हणतात. तू 'सिनेमा' टाकलंस तर ज्यांच्या नावातच तो शब्द आहे तेवढीच पुस्तकं येतील. 'मोशन पिक्चर्स – सायकॉलॉजिकल आस्पेक्ट्स', 'मेंटल इलनेस इन मोशन पिक्चर्स', 'सायकोअ‍ॅनालिसिस अँड मोशन पिक्चर्स' अशी ठरलेली शीर्षकं आहेत. एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर क्लिक कर, भावंडं आपोआप येतात. मराठी पुस्तकांचा घोळ निराळाच. पुष्कळ ठिकाणी मराठी नावं रोमन लिपीत चढवलेली असतात आणि 'चित्रपट' हा शब्द कुणी सी-एचनं, कुणी नुसत्या सीनं, कुणी शेवटी ए लावून टाइप केलेला असतो. तीनही तऱ्हा करून बघ. नाहीच सापडलं तर देवघेव विभागातल्या सगळ्यात जुन्या शिपायाला विचार. त्याला रंग आठवतो, जाडी आठवते, आणि पुस्तक कुणी नेऊन परत केलं नाही तेही आठवतं.

शब्दांचा आणखी एक पेच आहे, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तरी तो गांभीर्यानं घ्यावा. आजार तोच राहतो, नाव बदलतं. 'चौकट राजा' १९९१ चा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आज तू 'बौद्धिक अक्षमता' या शब्दानं लिहिशील आणि तेच बरोबर. पण १९९१ च्या वर्तमानपत्रांत, परीक्षणांत, मासिकांत हा शब्द शोधलास तर हाती शून्य. तेव्हाचा शब्द होता 'मतिमंद'. आणखी मागं गेलीस की 'वेडसर', 'भ्रमिष्ट', 'डोक्यावर परिणाम झालेला'. इंग्रजीतही तीच कथा. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं स्किझोफ्रेनिया हा शब्द १९०८ साली आणला, त्याआधीच्या लेखनात डिमेन्शिया प्रीकॉक्स शोधावा लागतो. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात 'मल्टिपल पर्सनॅलिटी'चं नाव १९९४ साली 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी' झालं. मराठीत स्किझोफ्रेनियाला 'दुभंगलेलं मन' म्हणायची पद्धत पडली आणि त्यातून लोकांच्या डोक्यात हे दोन वेगळे आजार एकच होऊन बसले. पडद्यावर एका माणसात दोन माणसं दिसली की प्रेक्षक बिनदिक्कत 'स्किझोफ्रेनिया' म्हणतो. या गफलतीवरच एक अख्खं प्रकरण होईल तुझं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता कर : आजचा शब्द, सिनेमाच्या वर्षीचा शब्द, इंग्रजी शब्द. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यासाठी जवळ ठेव. दोन्ही नेटवर फुकट आहेत.

आता मूळ मुद्द्याला हात घालते. या विषयावरचे लघुप्रबंध मी बरेच चाळलेत आणि दहातले आठ एकाच खड्ड्यात पडतात. पात्र घ्यायचं, निदानाच्या पुस्तकातली लक्षणं घ्यायची, समोरासमोर मांडायची आणि 'या पात्राला अमुक आजार आहे' म्हणून मोकळं व्हायचं. पात्राला आजार नसतो गं. त्याला पटकथा असते. निदान करायला तिथं रोगीच नाही. विचारायचं ते हे, की ज्या वर्षी सिनेमा आला त्या वर्षी डॉक्टरांना काय माहीत होतं, कायदा काय म्हणत होता, वर्तमानपत्रं कुठले शब्द वापरत होती, आणि या सगळ्यातलं सिनेमानं काय उचललं, काय सोडलं. हे प्रश्न नुसता सिनेमा बघून सुटत नाहीत. यांना ग्रंथालयच लागतं.

एक उदाहरण जवळून दाखवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' नैराश्यावरचा. समुद्रकिनारा, आत्महत्येच्या काठावरून आलेला मुलगा, आणि त्याला काहीही न विचारता सांभाळून घेणारी बाई. एका विद्यार्थिनीला या सिनेमाच्या राष्ट्रीय पुरस्काराची तारीख हवी होती, म्हणून आम्ही २०१७ च्या एप्रिलमधले अंक काढले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार जाहीर झाला ७ एप्रिलला. ७ एप्रिल म्हणजे जागतिक आरोग्य दिन, हे मला माहीत होतं. पण त्या वर्षीचा जागतिक आरोग्य संघटनेचा विषय काय होता? नैराश्य. 'बोलूया' असं त्यांचं घोषवाक्य. मग सहज म्हणून नवा मानसिक आरोग्य कायदा काढला. २०१७ चा कायदा, राष्ट्रपतींच्या संमतीची तारीख ७ एप्रिल २०१७. याच कायद्याच्या ११५ व्या कलमानं असं मानायला लावलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा करायची नाही. तीन गोष्टी, एक दिवस. योगायोगच तो, त्यावरून लगेच सिद्धांत बांधू नकोस. पण प्रेक्षक जेव्हा थिएटरात गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरात, तेव्हा त्याच्या अवतीभवती काय बोललं जात होतं याचा अंदाज तुला मिळतो. ८ एप्रिलचे चार दैनिकांचे अंक काढ आणि पुरस्कार कुठल्या पानावर, नैराश्य कुठल्या पानावर, ते मोजपट्टीनं मोज. ही तुझी स्वतःची माहिती झाली. असल्या गोष्टी कुठल्या यादीत मिळत नाहीत.

त्याच जोडीचा 'देवराई' २००४ चा. अतुल कुलकर्णींचा शेष, स्किझोफ्रेनिया, कोकण. तो आला तेव्हा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा चालू होता. 'कासव' आला तेव्हा नवा मंजूर झाला होता, लागू झाला तो २०१८ ला. दोन सिनेमे, दोन कायदे, मध्ये तेरा वर्षं. तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी मला तरी सुचत नाही. सुमित्रा भावे सिनेमात आल्या त्याच समाजशास्त्रीय संशोधनातून, १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून. आणि 'कासव'मधले डॉ. मोहन आगाशे नट आहेत तसेच मनोविकारतज्ज्ञही आहेत. त्यांच्या छापील मुलाखती शोध, म्हणजे 'सिनेमानं किती उचललं' याला डॉक्टरच्याच तोंडचा पुरावा मिळेल.

दृश्यं तपासताना प्रश्न बारीक ठेव. विजेच्या शॉकचं दृश्य घे. नव्या कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी केली. तुझ्या सिनेमात भूल दिलेली दिसते का? शॉक कोण देतं, सज्जन डॉक्टर की खलनायक? त्यानंतर माणूस बरा होतो की पुतळा होतो? 'चित्रण नकारात्मक आहे' या वाक्यापेक्षा असे तीन प्रश्न वीस दृश्यांना विचारून येणारा तक्ता जड असतो. तीच दृश्यं दुसऱ्या कुणाकडूनही स्वतंत्रपणे तपासून घे आणि दोघांचं कितपत जुळतं ते काढ. ते कसं काढायचं हे तुझे गाईड सांगतील, ते माझं खातं नाही.

सिनेमा हाही संदर्भच आहे, तेव्हा त्याची नोंद पुस्तकासारखीच कर. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ना, ज्या वेळी आपण चहा आणायला उठतो, तिथं थांबव आणि उतरून घे. वर्ष, तारीख, लांबी, यू की यू-ए. यूट्यूबवरची प्रत पुष्कळदा कापलेली असते आणि गाणी तर सर्रास उडवलेली. प्रमाणपत्रावरची लांबी आणि तुझ्या प्रतीची लांबी जुळली नाही तर तू अर्धवट सिनेमावर लिहिते आहेस, हे आधीच कळलेलं बरं. प्रत्येक दृश्यापुढं तास-मिनिट-सेकंद टाक.

शोधनिबंधांसाठी कुठं जायचं? शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात. कॉलेजचं ओळखपत्र आणि तुमच्या ग्रंथपालांचं पत्र घेऊन जा. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झालीय. तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं त्यात आहेत आणि राज्य विद्यापीठं त्यात येतात. घरबसल्या पैसे मागणारा लेख विद्यापीठाच्या नेटवर्कवर मोकळा उघडू शकतो, म्हणून लेखांची नावं घरीच काढून ठेव आणि तिथं बसून उतरवून घे. कॉलेजला इन्फ्लिबनेटचं 'एन-लिस्ट', म्हणजे कॉलेजांसाठीचं ऑनलाइन वाचनसाहित्य, असेल तर त्याचा आयडी मागून घे. असतो, पण कुणी मागत नाही म्हणून पासवर्ड कुणाच्या तरी डायरीत झोपलेला असतो. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएच. डी.चे प्रबंध फुकट आहेत. तिथं मानसशास्त्राबरोबर मराठी, हिंदी आणि जनसंवाद या विभागांतही शोध, कारण सिनेमावरचं काम बहुतेक तिथं झालंय. 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री' सगळ्यांना खुलं आहे. हिंदी सिनेमा आणि मनोविकार यावर त्यात लेख येत आलेत. मन आणि सिनेमा यांवर लिहिणारे सुधीर कक्कर, आशिष नंदी, दिनेश भुग्रा ही तीन नावं टाळून तुला पुढं जाता येणार नाही. पण तिघांचा भर हिंदीवर आहे. त्यांचं म्हणणं मराठीवर तसंच्या तसं डकवू नकोस, दोन्हींचा प्रेक्षक एक नाही.

अलीकडं मुलं चॅटबॉटकडून संदर्भसूची करून आणतात. एका मुलानं अकरा संदर्भ आणले होते, त्यातली चार पुस्तकं पृथ्वीच्या पाठीवर कुठंच नव्हती. लेखक खरे, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र हवेतलं. जे पान तू डोळ्यांनी बघितलं नाहीस ते सूचीत घालायचं नाही, एवढा एक नेम पाळ.

आणि कोल्हापुरात बसून हा विषय करतेस तर थोडं मागंही बघ. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग नावाचा हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं १९१६ साली सिनेमावर एक लहानसं पुस्तक लिहिलं, 'द फोटोप्ले'. मानसशास्त्राच्या अंगानं सिनेमाचा विचार करणाऱ्या पहिल्या पुस्तकांतलं ते एक. त्याचं म्हणणं, क्लोज-अप म्हणजे पडद्यावर उतरलेलं अवधान, आणि मागच्या काळात नेणारा तुकडा म्हणजे पडद्यावर उतरलेली स्मृती. मन जे आत करतं ते सिनेमा बाहेर करून दाखवतो. स्वामित्वहक्क संपलेत, पुस्तक नेटवर फुकट मिळतं, आणि अवधान-स्मृती हे शब्द तुझ्या अभ्यासक्रमातलेच आहेत. गंमत बघ, त्याच सुमाराला इकडं आपले बाबूराव पेंटर स्वतःचा कॅमेरा तयार करायच्या खटपटीत होते.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० चा. कीचकवधाचं दृश्य इतकं हुबेहूब होतं की प्रेक्षक घाबरले, ओरडले, आणि शेवटी ते दृश्य कापावं लागलं, ही हकीकत कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ. मानसशास्त्राच्या मुलीला ही पर्वणीच, नाही का? पण आधी माग काढ. हे पहिल्यांदा कुणी छापलं? त्यानं स्वतः बघितलं होतं की ऐकलं होतं? मग पुढच्यानं कुणाचं उचललं? एकेक पुस्तक मागं मागं जात शोध घ्यायचा. पुस्तक ग्रंथालयात आलं की नोंदवहीत त्याला जो क्रमांक पडतो तो दाखल क्रमांक, म्हणून आम्ही त्याला 'दाखल क्रमांकापर्यंत जाणं' म्हणायचो. त्या काळी सिनेमा बघून लोक बिघडतात का याची सरकारी चौकशीही झाली. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालची १९२७-२८ ची समिती, तिचा अहवाल आणि साक्षींचे खंड नेटवर आहेत. अमेरिकेत पेन फंड या खासगी संस्थेच्या पैशातून सिनेमाच्या मुलांवरच्या परिणामांचा अभ्यास १९२९ ला सुरू झाला, म्हणजे काळ तोच. साक्षींचे खंड वाचताना एक ध्यानात ठेव. बोलणारे बहुतेक शिकलेले, आणि बोलतात ते बहुतेक न शिकलेल्या प्रेक्षकाबद्दल.

मूकपटांच्या काळातलं फारसं काही बघायला उरलेलं नाही. नायट्रेटच्या फिती पेट घेतात. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्याही बऱ्याच गेल्या. जिथं फीत नाही तिथं कागद हाच सिनेमा. त्यासाठी भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासूनची संस्था आहे. सार्वजनिक ग्रंथालयात ड्यूईच्या आकड्यांवर विसंबून राहू नकोस. नटनट्यांच्या आठवणी चरित्रांत असतील, सिनेमावरचं लेखन ललितमध्ये किंवा 'संकीर्ण' नावाच्या कोपऱ्यात असेल. जुनी मासिकं, दिवाळी अंक, दैनिकांच्या बांधणी केलेल्या फायली आहेत का, असतील तर बघायला मिळतील का, हे नम्रपणे विचार आणि कुठलं वर्ष, कुठला महिना हवाय ते कागदावर लिहून ने. नुसतं 'सिनेमाचं काहीतरी' म्हटलंस तर मीसुद्धा उठले नसते. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ चं. तिथं पोस्टर, पुस्तिका, कात्रणं मिळतात. पण आधी पत्र टाक, नाहीतर गाडीभाडं वाया जाईल.

कागद किती बेवारस असतो ते मी बघितलंय. एका कॉलेजानं जागा हवी म्हणून सिनेसाप्ताहिकांचे बांधीव खंड रद्दीत काढले, तेव्हा मी रद्दीवाल्याकडं धावत गेले. खंड गेले होते. तळाला गाण्यांच्या पुस्तिका तेवढ्या उरल्या होत्या. थिएटराबाहेर आण्या-दोन आण्याला मिळायच्या ना, चार-सहा पानी, त्याच. वर नटीचं चित्र, आत गाणी, शेवटी कथासार. ते ऐन मोक्यावर तुटतं आणि 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पहा' म्हणतं. पंचवीसेक आहेत माझ्याकडं. त्यातल्या एकीत नायिकेच्या भावाबद्दल छापलंय 'भ्रमिष्ट'. त्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं तो शब्द खोडून 'दुःखी' लिहिलंय. कुणी, कधी, का, काही कळत नाही. निदान बदलणारा एक प्रेक्षक तुला तिथं सापडेल.

तुझ्या विषयाला लागतील त्या बघायला ये. रविवारी सकाळी मी घरी असते. हात धुऊन बस, आणि येताना पेन्सिल आण. जुन्या कागदाजवळ मी पेन काढू देत नाही.